रेंज येते त्या वळणावर

आमच्या गावात मोबाइलला रेंज येते ती एकाच ठिकाणी. घाटी चढून वर आलं की रस्ता समुद्राकडे वळतो, तिथे एक जुना काजू आहे. त्या काजूपासून कठड्यापर्यंतच्या तुकड्यात फोन धरला तर एक-दोन काड्या दिसतात. त्यामुळे संध्याकाळी निम्मं गाव वळणावर असतं. कुणी कठड्यावर बसलेलं, कुणी मोटारसायकलला टेकलेलं, आणि सगळ्यांच्या माना खाली. बाहेरून आलेल्या माणसाला वाटेल, इथे कुणीतरी गेलंय.

खरं तर तिथे थट्टा चालू असते. मोबाइलवर आमच्या गावाचा ग्रुप आहे. त्यात गावातले आहेत आणि मुंबईला राहणारेही आहेत. मुंबईकर घरात बसून लिहितात, आणि गाववाले वळणावर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहून एकमेकांनाच मेसेज पाठवतात. समोरच्याला तोंडाने जे बोलता येत नाही ते बोटाने बोलता येतं, म्हणून असेल.

मी आमच्या घरातली कॉलेजला गेलेली पहिली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, वनस्पतिशास्त्र. ग्रुपमध्ये मी होते, पण लिहीत नसे. वाचायचे आणि हसू आलं तर ओठ दाबायचे.

त्या उन्हाळ्यात ग्रुपवर एकच विषय होता, टॉवर. एक कंपनी वळणाजवळच्या जागेत मोबाइलचा टॉवर उभारायला तयार होती. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती आणि एका पॅनेलने ‘टॉवर आम्ही आणतो’ असं सांगायला सुरुवात केली होती. गावकीने मात्र बैठक घेऊन नको म्हटलं. गावकी म्हणजे गावातल्या सगळ्या घरांची मिळून असलेली पंचायत, सरकारी नव्हे, आमची. कारण असं दिलं की शेजारच्या गावात टॉवर आल्यापासून नारळ काळे पडले, आणि त्याच लहरी इथवर येऊन आमचेही नारळ काळे पडताहेत.

नारळ काळे पडत होते हे खरं. झावळ्यांवर काजळी धरल्यासारखा थर यायचा.

माझा आत्तेभाऊ मुंबईला असतो. ग्रुपवरचा सगळ्यात चावट माणूस तोच. त्या संध्याकाळी त्यानेच सुरुवात केली.

‘चंद्रावरून फोटो येतात. आमच्या खालच्या वाडीतून फोटो यायचा तर माणसाला घाटी चढावी लागते.’

‘तुला कशाला रे खालच्या वाडीतला फोटो?’ गावातून कुणीतरी.

‘लग्न जमवायचंय, भावा.’

‘आधी त्या एआयला विचार, तुला पोरगी मिळेल का.’

‘विचारलं. म्हणाला, आधी रेंजमध्ये या, मग बोलू.’

मग कुणी लिहिलं की एआयलाच सरपंच करा, निदान चहापाणी तरी मागणार नाही. दुसऱ्याने लिहिलं, मागेल, चार्जिंग मागेल. माझ्या शेजारी उभे असलेले लोक हसत होते, पण आवाज न करता. मग गावकीच्या अध्यक्षांनी एक लांबलचक आलेला मेसेज पुढे पाठवला. टॉवरच्या लहरींनी झाडांचा रस आटतो, वगैरे. खाली त्यांनी स्वतः लिहिलं होतं, ‘सर्वांनी वाचावे.’

अध्यक्षांना सगळं गाव तात्या म्हणतं. तात्या काजूखाली उभे होते. मी कठड्याजवळ. मध्ये एक मोटारसायकल.

आत्तेभावाने लिहिलं, ‘आपल्या घरात सायन्सवाली बाई असताना फॉरवर्ड कशाला वाचायचे? बोल गो, नारळ कशाने काळे होतात?’

आणि माझं नाव टाकलं. आता सगळ्यांना ठाऊक होतं की मी वाचते आहे. मी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. कॉलेजात सरांनी आम्हाला हीच झावळी दाखवली होती. शेवटी मी एवढं पाठवलं: ‘पानाच्या खालच्या बाजूला पांढरी माशी असते. ती गोड चिकट पाणी सोडते. त्यावर काळी बुरशी वाढते. ओल्या बोटाने पुसली तर निघते. लहरींचा संबंध नाही. आपल्याकडे तर रेंजच येत नाही, मग लहरी कुठून येतील?’

शेवटचं वाक्य मी टोमणा म्हणून लिहिलं नव्हतं. मला ती शंका खरंच आली होती. पण ग्रुपवर हसरे चेहरे पडू लागले, एकामागून एक. आत्तेभावाने लिहिलं, ‘गावकीची विकेट!’

वळणावर मात्र कुणी हसलं नाही. मोटारसायकलवाल्याने किल्ली फिरवली आणि परत बंद केली. तात्यांनी फोन खिशात ठेवला, धोतराचा सोगा नीट केला आणि माझ्याकडे न बघता घाटी उतरून गेले. त्यांच्या मागून मला उतरायचं होतं. मी बराच वेळ उतरले नाही.

हे कुठल्याही वेळी झालं असतं तर अवघडलेपणावर भागलं असतं. पण येत्या पंधरवड्यात ताईचं लग्न होतं, आणि रविवारी बाबा सहाणेवर नारळ ठेवणार होते.

आमच्याकडे देवाची पालखी जिथे बसवतात त्या ओट्याला सहाण म्हणतात. गावकीची बैठक तिथेच. घरात लग्न निघालं की मुलीचा बाप सहाणेवर नारळ ठेवतो. अध्यक्षांनी तो उचलला की गाव लग्नाला लागलं. मांडव घालायला माणसं येतात, गावकीची मोठी पातेली येतात, बायका हळदीला येतात, वरणभात गाव रांधतं. नारळ उचलला नाही तर यातलं काहीच नाही. मी लहान असताना एका घराचा नारळ तसाच राहिल्याचं ऐकलं होतं. त्या घरातले लोक आता गावात राहत नाहीत.

मी घरी पोचण्याआधीच बातमी पोचली होती. आई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

‘खरं होतं ते?’ बाबांनी विचारलं.

‘हो बाबा.’

‘खरं असलं म्हणून काय झालं?’ आई म्हणाली. ‘खरं सगळंच बोलायचं असतं का? मला पण खूप खरं माहीत हाय.’

ताई पदराला टीप घालत होती. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. दहावीनंतर तिने शाळा सोडली, तेव्हा घरात एकीचाच खर्च झेपणार होता. ती शांतपणे म्हणाली, ‘तुला प्रॅक्टिकलला मार्क पडतील. माझ्या अंगाला हळद लावायला कोण येणार, ते सांग.’



बाबा गाव ते बोर्ली रिक्षा चालवतात. रिक्षात दोन्ही पॅनेलचे लोक बसतात, म्हणून बाबा कुणाचे, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. घरात आम्हालाही नाही. राजकारण निघालं की ते आरसा पुसायला लागतात. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, ‘मेसेज काढता येतो म्हणे. काढायचा तर तू काढ. मला त्यातलं कळत न्हाय.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वळणावर गेले. आत्तेभावाचा फोन आला.

‘घाबरलीस? अगं कुठल्या जमान्यात आहेत हे लोक! लोड नको घेऊ.’

‘दादा, तू तिकडे बसून हसतोस. पातेली इकडून येतात.’

‘केटरर सांगू आपण.’

‘आणि हळदीला बायका पण केटररच्या आणायच्या?’

तो म्हणाला, ‘मी ते विकेटचं काढून टाकतो,’ आणि त्याने खरंच काढलं. मी माझ्या मेसेजवर बोट ठेवलं. ‘सगळ्यांसाठी काढा’ असं विचारणारी ओळ आली. मी काढला नाही. धीर होता म्हणून नाही. काढला तरी त्या जागी ‘हा मेसेज काढला आहे’ असं राहणार होतं, आणि ते सगळ्यांना दिसणार होतं. शिवाय मी काढून पानावरची माशी थोडीच जाणार होती. पण ताईचा चेहरा आठवून परत बोट ठेवलं, परत उचललं. शेवटी रेंजच गेली.

रविवारी दुपारनंतर बैठक बसली. बायका सहाणेवर बसत नाहीत. मी खालच्या पायरीशी, आईच्या मागे उभी होते. पिशवीत आमच्या माडाच्या झावळीची काही पाती घेतली होती. कशाला घेतली, ते मलाच नीट ठाऊक नव्हतं.

बाबांनी नारळ ठेवला. हात जोडले आणि मागे सरले. तात्यांनी नारळाकडे बघितलं आणि पालखीच्या भोयांचा विषय काढला. मग पाणवठ्याच्या पंपाचा. मग आणखी कशाचा तरी. नारळ तिथेच. बाबांच्या मानेवरून घाम वाहताना मला पाठीमागून दिसत होता. आईने माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं.

‘तुझी धाकटी कुठं हाय?’ तात्या अचानक बाबांना म्हणाले.

आईने मनगट सोडलं नाही. मीच सोडवून घेतलं आणि पुढे गेले.

‘काय गो, तिकडं वळणावर बोललीस. आता हितं बोल. हितं रेंज लागत न्हाय.’

दोघंतिघं हसले. मी पाती बाहेर काढली. ‘तात्या, हे बघा, खालून पांढरं वर्तुळ वर्तुळ आहे ना, ती अंडी...’ माझा आवाज एवढा बारीक येत होता की मागून कुणीतरी ‘मोठ्यानं’ म्हणालं.

तात्यांनी एक पातं हातात घेतलं, उलटं केलं आणि मांडीवर ठेवलं. ‘हे माझ्याच माडांच्या वाडीत पहिलं आलं. माशी मी बघितली न्हाय, असं वाटलं तुला?’

मी उरलेली पाती परत पिशवीत घातली.

‘पोरी, एक पॅनेल टॉवर आणतो म्हणतंय. गावकीनं व्हय म्हटलं तर गाव त्यांचं झालं. नुसतं नको म्हटलं तर दुसऱ्याचं. मग भाऊ भावाच्या दारात जायचा न्हाय. नारळाला मत न्हाय. म्हणून नारळावर ढकललं. निवडणूक होईपर्यंत. हे हितल्या सगळ्यांना ठाऊक होतं.’ त्यांनी बसलेल्यांवरून नजर फिरवली. ‘तू नारळाला सोडवलंस. आता माणसांना बोलावं लागणार.’

मला कुणीतरी पायाखालची पायरी काढल्यासारखं झालं. मी शास्त्रातलं एक चूक विधान दुरुस्त केलं होतं, असं मला वाटत होतं. ते विधान नव्हतंच. ती गावाने एकमेकांसाठी ओढून घेतलेली चादर होती, आणि गावात वाढूनही मला ती दिसली नव्हती.

तात्या बाबांकडे वळले. ‘तुझ्यापासनं सुरुवात करू. सांग, टॉवर हवा का नको?’

आरसा पुसायला तिथे काही नव्हतं. ‘नको’ म्हटलं असतं तर नारळ उचलला गेला असता, असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं. मी मनातून देवाला म्हणत होते, बाबांनी नको म्हणावं. ताई घरात बसली होती.

बाबांनी घसा साफ केला. ‘पोरगी पेपरला बसते तेव्हा कॉलेजचं काय आलं ते बघायला घाटी चढते. मी रिक्षा घेऊन खाली उभा ऱ्हातो, अंधार पडतो म्हणून. मला टॉवर हवा. कुनीबी आणू दे.’

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. एक जण उठून निघून गेला. तात्या नारळाकडे बघत बसले, इतका वेळ की माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंसुद्धा नाही. मग त्यांनी हात पुढे केला, नारळ उचलला आणि कानाशी नेऊन हलवला, आतलं पाणी ऐकावं तसा.

‘लग्न लग्नाच्या जागी,’ ते म्हणाले. ‘पातेली गुरुवारी न्या. टॉवरचं हळद उतरल्यावर बघू.’

आई तिथेच खाली बसली.

ताईच्या हळदीला बायका आल्या. सगळ्या नाही, पण घराची ओटी भरून उरतील एवढ्या. बैठकीतून उठून गेलेल्या माणसाच्या घरातून कुणीच आलं नाही. त्या घरची माणसं त्या दिवसापासून बोर्लीला जायला मागच्या रिक्षेची वाट बघतात. बाबा त्यांच्यासमोरून जाताना अजूनही वेग कमी करतात, आणि ती माणसं हात करत नाहीत. बाबांनी मला याबद्दल एक शब्द बोलून दाखवलेला नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

ग्रुपचं असं झालं की बैठकीच्या रात्रीच सेटिंग बदललं. आता फक्त अॅडमिन लिहू शकतात, आणि अॅडमिन फक्त मयत आणि पाण्याच्या वेळा कळवतात. आत्तेभावाने मुंबईकरांचा वेगळा ग्रुप काढला. तो म्हणे फार चालत नाही. चिडवायला समोर कुणी नसतं.

वळणावर लोक येतातच. टॉवरचं अजून ठरलेलं नाही. परवा कॉलेजच्या निकालासाठी मी गेले होते. कठड्याशी उभी होते, आणि तात्या काजूखाली फोन डोक्यावर धरून गोल फिरत होते. त्यांच्या मुलीचा फोन यायचा होता.

‘काय गो, आज काडीच न्हाय,’ ते म्हणाले, माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं, ‘इकडे या तात्या. इथे दोन आहेत.’

ते आले. मी थोडी सरकले. आम्ही दोघं शेजारी शेजारी फोन धरून उभे राहिलो, आपापली वाट बघत.