भोंग्यावरचं आभाळ

रविवारी संध्याकाळी सीमेपलीकडच्या, कन्नड मुलखातल्या मेहकरच्या बुद्धविहारात वंदना संपते, पण भोंगा बंद होत नाही. मंगल पदराने माइक पुसते, एक फुंकर मारते आणि येणाऱ्या आठवड्याचं हवामान गावाला वाचून दाखवते. निरोप तिच्या मोबाइलवर कन्नडमध्ये येतो. ती कन्नड शाळेत शिकलेली, म्हणून वाचता वाचताच त्याचं मराठी करते. हे काम तिला कुणी दिलेलं नाही. एका रविवारी तिने सहज वाचलं, पुढच्या रविवारी ते ऐकल्याशिवाय लोक उठेचनात. आता लिंगायत गल्लीतल्या बायाही त्या वेळेला ओट्यावर येऊन बसतात.

गावाला वावडं एकाच गोष्टीचं. मंगल “पावसाची शक्यता” म्हणाली, की दारातून तात्याराव ओरडणारच.

“शक्यता तर आमच्या म्हशीला बी कळती! येणार का न्हाई, ते सांग की पोरी.”

सगळे हसायचे. मंगलही हसायची, पण घरी जाताना ते तिला टोचायचं. मागच्या रविवारी मोबाइलवर आलं होतं, तुरळक ठिकाणी हलका पाऊस. तुरळक म्हणजे नेमका आपल्यावरच कशाला पडेल, असा विचार करून तिने ठासून सांगून टाकलं, “ह्या आठवड्यात पाऊस न्हाई. सोयाबीन काढा.”

मंगळवारी ढग नेमका मेहकरवर फुटला. सगळ्यांत जास्त भिजलं ते लिंगायत गल्लीतल्या रुद्रम्माचं. कापून पसरलेलं सोयाबीन तिने घाईघाईत गोळा केलं, गंजी रचली आणि ओल्यावरच ताडपत्री ओढली.

आज वंदना संपायच्या आत रुद्रम्मा विहाराच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

“अक्का, आत या की,” मंगल दाराशी येऊन म्हणाली.

“आत कशाला? भिजलंय ते सोयाबीन, मी न्हाई.” तिने मंगलचा हात धरला. “गंजीत हात घालून बघ जा. तव्यावानी तापलंय. झाकून ठेवावं तर कोंब फुटतेत, उघडावं तर पावसाचं भ्याव. उघडू का नको? एकच सांग.”

‘उघडा’ हा शब्द मंगलच्या ओठांपर्यंत आला होता.

“एकच सांगायला गेले म्हणून तर तुमचं भिजलं, अक्का.”

“मग आता गप कामून?”

“गप न्हाई. सगळं सांगते.”

आत जाऊन तिने माइक ओढला. “मागच्या बारीला मोबाइलमधी होतं तुरळक पाऊस. मी न्हाई म्हणून सांगितलं. चूक माझी. आता आलंय तसं ऐका. सोमवार, मंगळवार, बुधवार ऊन दिसायलंय. गुरुवारी संध्याकाळी सर येईल बी, चुकंल बी. उघडायचं, वाळवायचं, मळायचं ते बुधवारपर्यंत उरका.”

“म्हंजे गुरुवारी शक्यता?” तात्याराव.

“व्हय मामा, शक्यता. म्हशीला बी इचारून ठेवा!”

विहार हसला. रुद्रम्मा हसली नाही. तिला बुधवार ऐकू आला होता. “मळणीचं मशीन मिळतंय व्हय बुधवारी?”

मशीन हावगेप्पाचं. तो तिथेच भिंतीला टेकून बसला होता. “बुधवारी मंगलबाईचा नंबर हाय. तुमचा शनिवारी.”

“अण्णा, माझा नंबर अक्काला द्या,” मंगल म्हणाली. “माझी गंजी कोरडीच झाकलीय, ती थांबतीय.”

हावगेप्पाने कपाळावर हात मारला. “हवामानवाल्या बाईनं सवताचा नंबर बदलला! पण अक्का, वाळलं न्हाई तर मशीनमधी घालणार न्हाई बघा.”

सोमवारी दहिवर सुकल्यावर दोघींनी ताडपत्री उचलली, तर आतून वाफेचा लोट आला. तळाच्या शेंगांना पांढरे कोंब फुटले होते. ते रुद्रम्माने शिव्या देत बाजूला काढले. बाकीचं रानात पसरलं. उन्हाचा एक चटका बसला की दोघी वाकून पालथं करायच्या. रुद्रम्मा दर थोड्या वेळाने वर बघायची. मंगलही बघायची, पण चोरून.

बुधवारी दुपारी शेंगा हातात खुळखुळू लागल्या. हावगेप्पाने मूठभर चोळून पाहिल्या आणि मशीन चालू केलं. धुरळ्यात तिघं पिवळी झाली. रुद्रम्माने दाणा दाताखाली धरला. कट्‌ आवाज आला.

“वाळलंय गं,” ती म्हणाली आणि पहिल्यांदा नीट खाली बसली.

पोती घरात पोचवून दोघी परत बांधावर टेकल्या तेव्हा उदगीरच्या बाजूला काळसर ढग चढत होते. रुद्रम्माने कपाळावर हात धरून पाहिलं.

“ते उद्याची सर येतीय का गं? येऊ दे की आता. हरभऱ्याला वल पाहिजे.”

“अक्का! माझं सोयाबीन अजून रानात हाय!”

“आगं माय, व्हय की.” रुद्रम्मा गुडघ्यावर हात देऊन उठली. पोती बांधून उरलेली सुतळी तिने खांद्यावर टाकली. “मग बसलीस कामून? चल, तुझी गंजी वाऱ्याला उडणार न्हाई अशी बांधू. मग येऊ दे त्याला यायचं तर.”

आणि मंगल उठायच्या आतच ती बांधावरून पुढे निघालीसुद्धा.