सुपरढेकूण कशी जन्मली

ढेकूण माणूस निवडून चावत नाही. एवढी साधी गोष्ट ज्याला समजावून सांगावी लागली, त्याच्या हातात मी माझी सुपरढेकूण द्यायला निघाले होते, या विचाराने आजही माझं डोकं फिरतं.

सुपरढेकूण ही माझी नायिका. तपकिरी, बुटकी, पोटाने चपटी, दोन वेण्या घातलेली. चित्रं काढून मी पोट भरते आणि गेली कित्येक वर्षं तिच्या चित्रकथा काढते. ती भिंतीच्या फटीत शिरते. कागदासारखी पातळ होऊन दाराखालून आत जाते. महिनोन्‌महिने उपाशी राहिली तरी मरत नाही. माणूस कुठे लपलाय ते तिला त्याच्या अंगाच्या उबेवरून कळतं. आणि तिची सगळ्यात मोठी शक्ती म्हणजे ती हिरा फोडते. ही शक्ती तिला कुठून मिळाली, त्यावरूनच सगळी भानगड झाली.

डिलाईल रोडच्या चाळीत एका खोलीत आम्ही सहा माणसं राहायचो, आणि ढेकूण किती ते ढेकणांनाच माहीत. आमच्या मजल्यावर सगळी बौद्ध घरं. बहुतेकांचे बाप गिरणीतले, आणि गिरण्या बंद पडल्यावर मिळेल त्या कामाला लागलेले. वरच्या-खालच्या मजल्यांवर इतर जातींची माणसं होती. त्यांच्या घरी आम्ही दारातूनच बोलायचो, पण ढेकूण मात्र सगळ्यांच्या गादीत सारखेच. जात न विचारता घरात येणारा तेवढा एकच पाहुणा.

रविवारी आई लोखंडी खाट गॅलरीत काढायची. किटलीतलं उकळतं पाणी सांध्यासांध्यात ओतायची, गादीच्या शिवणीवरून रॉकेलचा बोळा फिरवायची, तसबिरी उतरवून त्यांच्या पाठी झाडायची. सगळा मजलाच हे करत असायचा, त्यामुळे रविवारी आमच्या गॅलरीत मटणाचा आणि रॉकेलचा वास एकत्र यायचा. दोन-चार दिवसांत ढेकूण परत हजर. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "मरतात कुठले मेले! आपल्यासारखेच चिवट."

शाळा मात्र दादरची. चांगल्या शाळेतच घालायचं, हा वडिलांचा हट्ट. पाचवीत माझ्या बाकावर शिवाजी पार्कची एक मुलगी बसायची, डॉक्टरांची. आमचं चांगलं जमायचं. ती मला तिच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी द्यायची, मी तिला तिच्या वहीत मोर काढून द्यायचे. एकदा मराठीच्या तासाला तिच्या पांढऱ्याशुभ्र कॉलरवर एक ढेकूण चालत असलेला मी पाहिला. माझ्याच दप्तराच्या शिवणीतून निघाला असणार, दुसरीकडून येणार कुठून? मी सवयीने तो चिमटीत धरायला हात पुढे केला आणि ती किंचाळली.

मराठीच्या बाई आल्या. त्यांनी दोन बोटांनी माझं दप्तर उचललं, शेवटच्या बाकावर नेऊन ठेवलं आणि मला तिथे एकटीला बसवलं. मग त्या माझ्या मैत्रिणीकडे वळल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "ढेकणासंगे हिरा भंगला. लक्षात ठेव हो बाळा."

मी ही म्हण त्याआधी ऐकली नव्हती. पण हिरा काय असतो ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण विज्ञानाच्या तासाला आम्ही नुकतंच शिकलो होतो की जगात हिऱ्याइतकं कठीण काही नाही. हिऱ्याने काच कापते, दगड कापतो, पण हिऱ्याला काही होत नाही. आणि तो हिरा कुणी फोडला? ढेकणाने! माझ्या दप्तरातल्या, आमच्या खाटेतल्या ढेकणाने! माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू. मैत्रिणीच्या शेजारून उठवल्याचं वाईट वाटायचं मी विसरूनच गेले. त्या शेवटच्या बाकावर बसून मी वहीच्या मागच्या पानावर पहिलं चित्र काढलं. दोन वेण्यांची एक मुलगी, पाठीवर ढेकणाचं कवच, आणि तिच्या मुठीत हिऱ्याचा चुरा. सुपरढेकूण जन्मली ती अशी.

घरी जाऊन मी आईला सांगितलं, "आई, बाई म्हणाल्या, ढेकणाने हिरा भंगतो."

आई स्टोव्हपाशी बसली होती. तिने वर बघितलं. "खुद्द बाई म्हणाल्या?"

"हो."

"मग असणारच. ताकद असल्याशिवाय का एवढं उकळतं पाणी पचवतंय ते?" असं म्हणून तिने खाटेकडे जरा आदरानेच बघितल्याचं मला आठवतं.

पुढे सहामाहीला प्रश्न आला, म्हणीचा अर्थ लिहा. ढेकणासंगे हिरा भंगला. मला आनंदाने हसू फुटलं. मी लिहिलं, 'कुणालाही क्षुल्लक समजू नये. लहानशा जीवातही हिरा फोडण्याची ताकद असते.' वर कोपऱ्यात छोटीशी सुपरढेकूणही काढली.

पेपर वाटायच्या दिवशी बाईंनी माझं उत्तर सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. एकेक शब्द तोडून, मान वेळावत. वर्ग हसला. माझी मैत्रीणही हसली, खिचडीवाली. मग बाईंनी खरा अर्थ सांगितला. वाईटाच्या संगतीने चांगल्याचाही नाश होतो. हे सांगताना या वेळी मात्र त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या दिवशी मला म्हणीचा अर्थ कळला आणि बाईंचाही. तळपायाची आग मस्तकाला जाणे, हा वाक्प्रचार मी परीक्षेत न लिहिता शिकले. बाईंचा राग मला आजही येतो. वय झालं की राग निवतो म्हणतात, पण माझा काही निवला नाही आणि निवावा असं मला वाटतही नाही.

घरी मी काही बोलले नाही. कारण माझी खात्री पटली की आईला खरा अर्थ पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. पोरीला लागू नये म्हणून तिने तो गिळला आणि मला उलटा अर्थ दिला. केवढी मोठी माझी आई, असं वाटून मी पांघरुणात रडले. मी चित्रकार झाले ती त्या उलट्या अर्थाच्या जोरावर. माझ्या प्रत्येक चित्रकथेच्या सुरुवातीला स्टोव्हपाशी बसलेली एक बाई मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, 'ढेकणाने हिरा भंगतो, पोरी', आणि मुलीला शक्ती येते. मुलीला कुणी चावत नाही, की कसला अपघात होत नाही. तिला फक्त ते वाक्य मिळतं.

गेल्या वर्षी एका कार्टून कंपनीला सुपरढेकूण आवडली. ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. गिरणीची चिमणी तेवढी शोभेला ठेवली आहे आणि तिच्या पायाशी लोक कॉफी पितात. मला भेटला तो माणूस मराठीच, गोड बोलणारा. आधी त्याने माझं पूर्ण नाव विचारलं. पूर्ण म्हणजे आडनावासकट, हे त्याने दोनदा सांगितलं. आडनाव ऐकल्यावर "अच्छा, अच्छा" म्हणाला. तो अच्छा कुठल्या जातीचा असतो ते मला कळतं.

"मॅम, कॅरेक्टर किलर आहे," तो म्हणाला. "फक्त ओरिजिन थोडं लॉजिकल करू या. मुलगी एका लॅबमध्ये असते, ब्रिलियंट असते, तिला तो स्पेशल ढेकूण चावतो..."

"तिलाच का?"

"म्हणजे?"

"ढेकूण एकाच माणसाला कसा चावेल? आमच्या चाळीत तो सगळ्यांनाच चावायचा."

तो हसला. "मॅम, सगळ्यांनाच चावला तर हिरो कोण?"

मला त्याच्या टेबलावरची कॉफी त्याच्या लॅपटॉपवर ओतावीशी वाटली. मी ओतली नाही, याचं मला आजही थोडं वाईट वाटतं.

"आणि ढेकूण नको ना आपल्याला," तो पुढे म्हणाला. "बीटल म्हणू. ढेकूण जरा डाउनमार्केट वाटतो, पेरेंट्सना किळस येते. चाळ ठेवू हवी तर, चाळ दिसते छान. आणि ती म्हण तेवढी काढून टाकू. तुम्ही तिचा अर्थ चुकीचा घेतलाय, मॅम. खरा अर्थ एक्झॅक्टली उलटा आहे. लोक चूक काढतील."

इतकी वर्षं गेली, तरी कुणीतरी अजून माझा पेपर वाचून दाखवतच होतं. सोमवारी कळवते, एवढं म्हणून मी उठले. खरं सांगायचं तर जिना उतरताना मी डळमळले होते. काम मोठं होतं. चाळीत वाढलेल्या बाईने काढलेलं चित्र टीव्हीवर दिसणार होतं. बीटल तर बीटल, पोरांना काय कळतंय, असं मनात येऊन गेलं. पण ती बाई, तो हात, ते वाक्य? ते गेलं की सुपरढेकूण उरते कुठे?

तशीच मी आईकडे गेले. चाळीचं पुनर्विकासाचं काम चालू आहे, म्हणून आई सध्या संक्रमण शिबिराच्या इमारतीत राहते. लोखंडी खाट तिने हट्टाने बरोबर आणली आहे. त्या खाटेवर बसून ती ताटात तांदूळ निवडत होती. मी चप्पल काढतानाच बोलायला लागले. लॅब, बीटल, डाउनमार्केट, सगळं एका दमात ओकले आणि शेवटी म्हणाले, "तू मला जो उलटा अर्थ दिलास ना आई, तोच त्यांना नकोय!"

"कसला उलटा अर्थ?"

"म्हणीचा. ढेकणासंगे हिरा भंगला. मला वाईट वाटू नये म्हणून तू खोटंच सांगितलंस ना तेव्हा."

आईने ताटातून मान वर केली. "मी कशाला खोटं सांगू? मला वाटलं, बाईंनी तुझं कौतुक केलं. मी सगळ्या मजल्याला सांगितलं होतं. पालकसभेला गेले तेव्हा बाईंचे आभारसुद्धा मानले."

"आभार?"

"मग? म्हटलं, बाई, आमच्या पोरीला तुम्ही ढेकणाची म्हण सांगितली, फार बरं वाटलं. बाई हसल्या. बरं बरं म्हणाल्या." तिने एक खडा बाजूला काढला. "का गं? काय अर्थ आहे तिचा?"

आता लपवायचं तरी काय आणि कसं? मी सांगितलं. वाईटाच्या संगतीने चांगल्याचा नाश होतो. हिरा म्हणजे ती डॉक्टरची मुलगी. ढेकूण म्हणजे मी. म्हणजे आपण.

आई बराच वेळ तांदूळ इकडून तिकडे सारत राहिली. मला स्वतःचा राग आला, बाईंचा आला, त्या गोड बोलणाऱ्याचा आला, ज्याने कुणी ही म्हण काढली त्याचा तर फारच आला. म्हातारीने इतकी वर्षं जपलेलं कौतुक मी एका वाक्यात काढून घेतलं होतं.

मग ती म्हणाली, "भंगला कोण?"

"काय?"

"म्हणीत. भंगला कोण?"

"हिरा."

"आणि ढेकणाला काय झालं?"

"काही नाही."

"मग आपलं चुकलं कुठे? बाईंना नसेल कळला अर्थ." तिने एक खडा उचलून खिडकीबाहेर फेकला. "त्या माणसाला सांग, हवं तर आहे तस्सं घे. नाहीतर जा म्हणावं."

मी तिथेच खाटेवर बसून फोन लावला. ढेकूण म्हणजे ढेकूणच राहील, म्हण राहील, तिचा अर्थ मी लावलाय तोच राहील आणि ढेकूण सगळ्यांनाच चावेल, असं सांगितलं. तो म्हणाला, "मॅम, थोडं फ्लेक्सिबल..." मी फोन ठेवला. कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. आईने ऐकलं का, ते बघायला मी मान वळवली.

ती ऐकत नव्हती. ताट मांडीवर तसंच होतं आणि हात तांदळात थांबले होते.

"मी नमस्कार केला होता गं त्या बाईला," ती म्हणाली. "वाकून."