तिरपा बर्फ

बर्फताईचं खरं नाव प्रयोगशाळेत कुणी घेत नसे, आणि तिला हवं होतं ते नेमकं तेच. आपलं नाव, छापलेलं.

तेवीस वर्षं ती शीतखोलीत स्वेटरवर कोट चढवून एकच प्रथिन शुद्ध करत आली होती. पेशीत संदेशवाहक आरएनएवरचा निरोप वाचून नवी प्रथिनं घडतात, पण त्या निरोपाचं टोक धरून त्याला वाचणाऱ्या यंत्रापाशी नेणारं कुणीतरी लागतं. ते हे. हे नसलं की बाकीचा सरंजाम हात चोळत बसतो. आणि नखरे तर विचारू नका! एकदा वितळून पुन्हा गोठलं की गेलंच कामातून. ताईच्या बोटांची पेरं सुजली, डॉक्टरांनी हे काम सोडा म्हटलं, पण तिच्या हातचं प्रथिन कधी मेलं नाही. त्यावर सहा शोधनिबंध निघाले, तिचं नाव एकातही नाही. सातव्यात ते घालायचा शब्द प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी दिला होता, आणि ही बया घरीदारी सगळ्यांना सांगून बसली होती. नवरा म्हणाला, "छापून येऊ दे, मग बघू. तोवर तू बाटल्या धुणारीच."

तिची एक युक्ती होती. नळीत थोडंसं प्रथिन भरलं की ती नळी उभी न ठेवता तिरपी गोठवायची, टोपणाची बिजागरी खालच्या बाजूला. आतला बर्फ तिरपा राही. मध्येच कुणाकडून वितळलं आणि उभं गोठलं, तर बर्फ सपाट दिसे आणि लबाडी उघडी पडे. हे तिने वहीत कधी लिहिलं नाही. सांगितलं फक्त एकीला, सरांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या मुलीला. ती "ताई, ताई" करत मागे फिरायची, आणि हिचा जीव जडला होता तिच्यावर.

एके दिवशी त्या मुलीचा प्रयोग आपटला. निरोप जागचा हलेना. सर सगळ्यांदेखत ताईवर उखडले. "मेलेलं प्रथिन दिलंत तुम्ही. वय झालं आता तुमचं."

ताईने तडक फ्रीझरमधून डबा काढला. चाळीस नळ्या, चाळीसच्या चाळीस नळ्यांत बर्फ सपाट. तिने मुलीला शीतखोलीत गाठलं.

"डबा बाहेर राहिला होता ना गं?"

मुलगी मुसमुसायला लागली. "जेवायला गेले आणि विसरले, ताई. मग तसाच आत ठेवला. सर हाकलून देतील मला. उद्यापर्यंत थांबा, मी स्वतः सांगते त्यांना."

"बरं. पण तूच सांग. मी चुगली करणार नाही." वर आपल्या रुमालाने तिचे डोळेही पुसले. काय म्हणावं या बाईला!

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या खोलीत मुलगी गप्प. वाट बघून शेवटी ताईनेच तोंड उघडलं, तिरप्या बर्फाची सगळी हकीकत सांगितली.

"आणा डबा," सर म्हणाले.

ताईने पहिली नळी उजेडात धरली. बर्फ तिरपा. दुसरीतही तिरपा, दहावीतही. पोरीने संध्याकाळी सगळ्या नळ्या पुन्हा वितळवून तिरप्या गोठवल्या होत्या. आता ताईचीच युक्ती तिच्यावर उलटली होती. डब्याला कुणी हात लावलेला नाही, म्हणजे प्रथिन तिच्याच हातून मेलेलं निघालं.

"बिजागरी बघा, सर! बर्फ तिच्या समोरच्या बाजूला चढलाय, म्हणजे गोठताना ती वर होती. मी खाली ठेवते, नेहमी खाली!"

"आता बिजागरी का?" सर हसले.

"जाऊ द्या ना, सर," मुलगी हळूच म्हणाली. "ताई दमल्यात."

नाव गेलं. नवं प्रथिन मात्र शुक्रवारपर्यंत हवंच होतं, आणि ते करणार कोण? बर्फताईनेच केलं, नेहमीसारखं चोख, कारण वाईट करणं तिला जमतच नव्हतं. प्रयोग फत्ते झाला.

काही महिन्यांनी निबंध फलकावर लागला. सगळे जेवायला गेल्यावर ताई तिथे गेली. पहिलं नाव मुलीचं, शेवटचं सरांचं. सुजलेलं बोट ओळींवरून फिरवत ती कृतीच्या परिच्छेदापाशी आली. प्रथिन वितळलं होतं का हे ओळखण्यासाठी आम्ही नवी पद्धत शोधली आहे, असं तिथे म्हटलं होतं. नळ्या तिरप्या गोठवाव्यात, आणि बिजागरी खालच्या बाजूला ठेवावी.