चार ते सातचा करार

निमिया ओहेदाबाई सव्वीस वर्षं बालवर्ग चालवत होत्या. रडणारी, चावणारी, चड्डीत शू करून बसणारी मुलं त्यांना नवी नव्हती. पण यंदाची मुलं मधल्या सुट्टीत अंगणातल्या आंब्याखाली खाऊ हातात धरून नुसती बसून राहायची. पाच वर्षांची लुहान तर कार्टूनमधल्या बाहुल्यांसारखं गुळगुळीत, परकं स्पॅनिश बोलायची. घरी तिच्या आजीची सगळी भिस्त ग्वारानी या गावच्या जुन्या बोलीवर.

"काल पोरगी काहीतरी मागत होती, बाई," देओलिंदा आजी म्हणाली. ती बसथांब्यावर चिपाची, म्हणजे चीज घातलेल्या छोट्या पावांची, टोपली घेऊन बसायची. "मी उशी दिली. तिला हवं होतं पांघरूण. तो शब्द आपल्याकडचा नव्हेच."

लुहानची आई सिंतिया तीन वर्षांपूर्वी स्पेनला, मालागाला गेली होती, एका म्हातारीची सेवा करायला. लुहान ज्यावर दिवसभर कार्टून बघायची तो फोन तिनंच पाठवलेला.

मे महिन्यात बाईंनी मुलांच्या फोनबद्दल बोलायला पालकांना बोलावलं.

"फोन नसला तर पोरांना जेवू कोण घालणार?" सुतारकाम करणारा एवेलियो म्हणाला. "आणि बाई, वर्गात तुमचाच फोन वाजतो की."

सगळे हसले. बाईंनी आपला फोन टेबलाच्या खणात टाकला. बरीच वादावादी होऊन ठरलं, की दुपारी चार ते सात कुठल्याही घरात मुलांसमोर फोन निघायचा नाही, मोठ्यांचासुद्धा नाही. पाळीपाळीनं एकेकाच्या अंगणात मुलं जमवायची.

"सूट कुणालाच नाही," बाई म्हणाल्या. "एकाला दिली की करार बारगळला."

मागच्या बाकावरून देओलिंदा आजीनं हात वर केला आणि जरा वेळानं खाली घेतला.

पहिल्या आठवड्यात लुहान आजीच्या मनगटाला कडकडून चावली. आजीनं शाळेत येऊन दातांचे वण दाखवले. "देऊन टाकू का फोन?"

"नका देऊ."

फोन नुसता दिसला तरी पोरगी आकांत करायची, म्हणून आजीनं तो पिठाच्या डब्यामागे दडवला. चौथ्या आठवड्यात लुहान गुडघे खरचटून घेऊन घरी आली, ती कोंबडीला ग्वारानीतून शिव्या घालतच. आजीनं बसथांब्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ते सांगितलं.

जुलैत बाईंच्या फोनवर सिंतियाचा निरोप आला. तिला तिकडे रात्री नऊला तासभर मोकळीक मिळायची, तेव्हा इकडे चार वाजलेले असायचे. दोन महिने आजी फक्त रविवारी सकाळी फोन लावत होती. गेल्या रविवारी लुहाननं पडद्यावर आईला पाहिलं, "हे बघायचं नसतं," म्हणाली आणि फोन पालथा घातला.

"तुम्ही तिचं व्यसन सोडवलंत, बाई," सिंतियाचा आवाज अगदी शांत होता. "त्यात मीही सुटले."

बाईंनी ते तीनदा ऐकलं आणि तशाच आजीकडे गेल्या.

"त्या दिवशी तुम्ही हात वर केला होता."

"केला होता. तुमचं लक्ष नव्हतं."

"होतं," बाई म्हणाल्या. आजी पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

पुढच्या बैठकीत बाईंनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. ज्यांचं माणूस परदेशी आहे त्यांनी फोन उचलायचा, असं सुचवलं. "मग आमच्याच पोरांनी काय घोडं मारलंय?" म्हणत एवेलियो उठला. त्याच्याबरोबर आणखी दोन घरं करारातून गेली.

तेव्हापासून बाई रोज चारला, सिंतियाचा फोन यायच्या वेळी, आजीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागल्या. लुहान खुर्चीवर टेकायची, पडद्याकडे न बघता पाय हलवायची. सिंतियानं मालकिणीचं मांजर दाखवलं, तेव्हा लुहाननं मान फिरवली.

"आज आजीनं काय केलं?" सिंतियानं ग्वारानीत विचारलं.

"चिपा," लुहान म्हणाली आणि उतरून अंगणात पळाली.

आजीनं फोन उचलून खिडकीत धरला. बाहेर चार पोरं एका टायरमागे धावत होती.

"दिसते का?"

"दिसते," सिंतिया म्हणाली. "उंच झाली."

सगळं येईल ताळ्यावर, असं म्हणावंसं बाईंना वाटलं. पण तसं सांगायला त्यांच्यापाशी आधार नव्हता. त्या उठल्या आणि आजीचा हात अवघडला म्हणून फोन आपल्या हातात घेऊन उभ्या राहिल्या.