शबानाने आपलंच यंत्र खोटं ठरवलं

मित्रहो, आज आखाडा बाळापूरजवळच्या एका शाळेत नववीचे प्रकल्प पाहायला गेलो होतो. त्यातला एक जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी मला निवडायचा होता.

शबानाच्या गटाने हळदीचा ओलावा मोबाइलवर दाखवणारं यंत्र बनवलं होतं. स्क्रीनवर हिरवी खूण आली, म्हणजे हळद वाळली. मी टाळ्या वाजवल्या. शबानाने मात्र यंत्राने तपासलेलं हळकुंड मोडून पाहिलं. वाळलेलं हळकुंड कटकन तुटतं; हे नुसतं वाकलं.

“सर, यंत्र खोटं सांगून राहिलं. हळद आतून ओलीच हाय.”

मुख्याध्यापक कुजबुजले, “अगं, आज निवड हाय! गप ऱ्हाय की.”

“अन् कुणी ही हळद पोत्यात भरली, बुरशी लागली, मग?”

विज्ञानाच्या बाई हसल्या. “बराबर बोलली पोरगी.”

मी त्याच गटाला निवडलं. स्क्रीनवर दिसेल ते खरं मानणाऱ्या या काळात एक लेकरू स्वतः बनवलेल्या यंत्रावर भर सभेत शंका घेतं, यालाच मी शिक्षण म्हणतो! त्या बाईंना माझा नमस्कार.

यंत्र दुरुस्त होईल हो. पण तुमचं लेकरू आज वर्गात उभं राहून “आमचं चुकलं” म्हणालं, तर घरी त्याला पेढा द्याल की धपाटा?