खटक्याचा सूर

नांदुऱ्याच्या एका अरुंद गल्लीत माझ्या बास ट्रॉम्बोनचा, त्या मोठ्या पितळी बाजाचा, सरकता दांडा नवरदेवाच्या मामाला लागला आणि त्यांचा फेटा थेट नालीत गेला. मामाच उलटे नाचत माझ्या अंगावर आले होते, ते कोणी पाहिलं नाही. खालचा सूर काढायचा तर दांडा हातभर पुढे सारावाच लागतो. दांड्याच्या त्या ठिकाणाला सहावी जागा म्हणतात. वाजवणाऱ्यानं करावं तरी काय?

वरात संपताच बँडमास्तरांनी सुनावलं, "पुढच्या लग्नात तू झांजा घेजो. बाजा दुसऱ्याले देतो."

असा संताप आला! या बाजापायी मी रक्त आटवलं होतं. तो दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचा नाही, हे तिथंच ठरवलं.

या बाजाला डाव्या अंगठ्याखाली एक खटका असतो. तो दाबला की हवा जादा नळीतून फिरते आणि तोच खालचा सूर दांडा आत ठेवूनही निघतो. आमचा खटका जाम झालेला, सुतळीनं बांधून टाकलेला. मी सुतळी कापली, शिलाई मशीनचं तेल सोडलं. खटका चालला, पण सूर निघाला तो पडशानं नाक चोंदल्यासारखा.

मग रोज सकाळी सरकीच्या गोदामामागे जाऊ लागलो. दांडा लांब सोडून सूर दम संपेपर्यंत धरायचा. मग दांडा आत घेऊन तोच सूर खटक्यावर तितकाच धरायचा. दोन्ही सारखे लागेपर्यंत हटायचं नाही. ओठ सुजले, तिखट खाणं सुटलं. घरीही तेच चाले.

"अहो, एकच सूर काऊन वाजवून राह्यले? गाणं इसरले काय?" बायको वैतागली.

"गाणं मंग," मी म्हटलं.

पुढच्या लग्नात मी झांजांना हात लावला नाही. बाजा घेऊन रांगेत उभा राहिलो. मास्तर गुरकावले, पण वरात निघाली होती. गल्लीत नाचणारे पार छातीशी भिडले. मी दांडा आतच ठेवला आणि अंगठा दाबला. सूर मोकळा, भरदार लागला. मास्तर वळून माझ्या दांड्याकडे पाहतच राहिले. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

मांडवाशी पोचल्यावर ते जवळ आले. "बाजा तुह्यापाशीच राहू दे. अन् तो खटका मले बी शिकवजो."

"शिकवतो," मी म्हटलं, "पण मास्तर, आधी महिनाभर एकच सूर धरा लागते."