दोन राउटर, एक बोर्ड

माझं काम सर्व्हरांची तब्येत विचारण्याचं. म्हणजे मी नाही, मी बसवलेला प्रोग्रॅम विचारतो: दर पाच सेकंदाला प्रत्येकाला, बाबा रे, चालू आहेस ना? तीनदा उत्तर आलं नाही की त्याचं काम काढून दुसऱ्याकडं द्यायचं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे समजावून सांगितलं तर म्हणाले, एवढ्यांदा इचारलं तर धडधाकट माणूस बी आजारी पडंल.

आई गेल्यावर आबा जळकोटच्या घरात एकटेच. पुण्याचं नाव काढलं की म्हशीचं कारण पुढं. शेवटी मीच लॅपटॉप घेऊन गावी आले. मॅनेजरांनी महिनाभर बघू म्हणून सांगितलं. कामाच्या वेळी नेट तुटलं तर मात्र परत पुण्याला.

मी म्हटलं, हे तर आपल्या हातचं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या, दोन राउटर मांडले. एकानं मान टाकली की दुसऱ्यानं काम उचलायचं. लाईटीचा भरवसा नाही म्हणून दोन्ही राउटर इन्व्हर्टरवरच्या एक्स्टेन्शन बोर्डाला जोडले. काय ऐट होती माझी! आबा रोज धूळ पुसायचे आणि दुसऱ्या राउटरकडं बघून म्हणायचे, ह्यो लई सुखी दिसतोय, कामच न्हाय.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी मॅनेजर स्वतः मीटिंगमध्ये परीक्षा घ्यायला बसले. त्यांनी सांगितलं तशी मी पहिल्या राउटरची लाइन काढली. चित्र जरासं अडखळलं आणि पुन्हा सुरू. ते खूश, मी त्याहून खूश. काढलेली लाइन परत जोडली आणि कानाला हेडफोन लावून मोठ्या तोऱ्यात पुढचं सांगायला लागले.

बाहेर आभाळ भरून आलेलं, नळदुर्गाच्या अंगाला वीज चमकली. आमच्याकडं वीज चमकली की घरातले सगळे प्लग काढतात. आबांनी टीव्हीचा काढला, फ्रिजचा काढला आणि त्याच हातानं माझ्या बोर्डाचाही. दोन्ही राउटर एकदमच गेले. मॅनेजर पडद्यावर अर्धवट तोंड उघडून थिजले.

एकाच जागी सगळी भिस्त ठेवू नका, हे मी ऑफिसात दहा जणांना शिकवलंय. आणि घरी? शहाणीनं दोन्ही राउटर एकाच प्लगवर चालवलेले. आबांवर चिडायचं तरी कुठल्या तोंडानं? आता बॅग भरा.

मोबाईल वाजला, मॅनेजरांचाच. मी स्पीकरवर घेऊन झालं ते सांगत होते, तेवढ्यात आबांनी फोन मागून घेतला. माझ्या साहेबांशी ते कधीच बोलले नव्हते.

"साहेब, पिन म्या काढली. पोरीला बोलू नका." फोन आणखी तोंडाजवळ नेला. "ती इथं असली की मी दोन टायमाला जेवतो."

मॅनेजर म्हणाले, "काका, दुसरा राउटर वेगळ्या खोलीत लावायला सांगा तिला."

आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि सरळ आतल्या खोलीत गेले. भिंतीजवळची सोयाबीनची पोती ओढून राउटरला जागा करायला लागले. मला रडूच फुटलं. ते म्हणाले, रडत बसू नको, हिकडून धर.